पुतळाबाईचं कांडण

आमच्या कान्हे गावच्या घरी पाहुणे जेवायला बसले की आंबेमोहोराच्या वासाचं कौतुक सुरू होतं. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "आणि ती पुतळाबाई कांडताना काय गोड गायची!" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गोड म्हणे! मी चौदाव्या वर्षी या घरात सून होऊन आले आणि ती का गायची, ते मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं.

पुतळाबाई डोंगरवाडीची. सुगी संपली की लेकीला, चिंगीला, घेऊन खाली उतरायची आणि आमच्या पडवीत दिवसभर भात कांडायची. मोबदला म्हणून सूपभर कणी. अख्खा तांदूळ आमचा, तुटका तिचा. कांडता कांडता तिनं चार दाणे तोंडात टाकू नयेत म्हणून माझ्या सासूबाईंनी, धोंडाबाईंनी, नियम केला होता. मुसळ चालू तोवर गाणं चालू. गाणाऱ्या तोंडाला चावता येत नाही ना! गाणं थांबलं की त्या माजघरातून ओरडायच्या, "पुतळे, तोंडात काय हाय?" नुसता खोकला आला तरी ती आ करून दाखवायची.

१९१६ साली चिंगीला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळा लागला तो अख्ख्या आंबेमोहोराच्या भाताचा. पोरीनं लहानपणापासून तो कांडला होता, खाल्ली मात्र कणीच. पुतळाबाईनं सासूबाईंपुढं पदर पसरला. "पाटलीणबाई, येक ओंजळ द्या. पोरीचं डोहाळं हाईत. आठ दिस फुकाट कांडते."

"तुमाला कसलं गं डोहाळं?" सासूबाई म्हणाल्या. "कणी काय तांदूळ न्हाई? शिजली म्हंजी सारकीच."

तांदळाची कणगी माझ्या पाठीशीच होती. सासूबाई वळल्यावर एक ओंजळ मला सहज काढता आली असती. मी काढली नाही.

चिंगी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्या भातानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण एवढीशी इच्छा मनात ठेवून गेली. तेरावा झाल्यावर पुतळाबाई पुन्हा उखळापाशी आली, कारण घरात आणखी खाणारी तोंडं होती. आणि सासूबाईंनी तिला तसंच गायला लावलं! आजही आठवलं की संताप येतो, त्यांचा आणि माझा स्वतःचाही.

पुढं कामशेतला भाताची गिरणी आली, कांडण बंद पडलं. १९३८ साली माझ्या लीलाचं लग्न निघालं. हळद कांडताना गाणारी हवी म्हणून म्हाताऱ्या सासूबाईंनी वाडीवर निरोप धाडला. पुतळाबाई काठी टेकत आली. मांडवात बायका जमल्या होत्या. उखळाशेजारी सुपात अक्षतांसाठी निवडलेला आंबेमोहोर होता.

ती खाली बसली. मुसळाला हात लावला नाही. सुपातली मूठ भरली, तोंडात टाकली आणि कराकरा चावू लागली.

सासूबाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्या जुन्याच सवयीनं ओरडल्या, "पुतळे, गाणं का न्हाई? तोंडात काय हाय?"

पुतळाबाईनं घास गिळला.

"चिंगीचा तांदूळ हाय, पाटलीणबाई," ती म्हणाली आणि दुसरी मूठ भरली.