राजकन्येचा दुसरा कल्प

आमच्या मामंजींनी त्या अधिक महिन्यात देवळात जे पुराण सांगितलं, ते व्यासांनी लिहिलेलं नव्हतं. माझ्या मुलीने ते ऑनलाइन मागवलं होतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतले जुने पुराणिक. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची रीत अशी, की अधिक महिन्यात रोज दुपारी पुराण ऐकायचं आणि शेवटच्या दिवशी अनारशांचं वाण द्यायचं. पण त्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एक तरुण पुराणिक आला. त्याच्याकडे माइक, हार्मोनियम, कूलर आणि कथेनंतर गार सरबत. मामंजींकडे टेबलफॅन. आठवडाभरात त्यांचे श्रोते चारावर आले, आणि त्यातल्या गोदूकाकू तर फक्त झोपायला यायच्या (घरी म्हणे डोळा लागत नाही). त्यातच मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायची मनाई. पोथी पाठ होती म्हणून कसंबसं रेटत होते. देवळाच्या पंचांनी गोड शब्दांत कळवलं, "आता विश्रांती घ्या, पुराणिकबुवा. पुढच्या खेपेला आसनावर नवा माणूस बसवू." मामंजी जेवताना दुसरी पोळी घेईनासे झाले. मला फार वाईट वाटलं.

अशा सुतकी वातावरणात माझी मुलगी रेवा पलंगावर लोळून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचत हुंदके देत होती. हल्ली या कादंबऱ्यांचं पीकच आलंय. परीकथा तीच जुनी, फक्त राजकन्येच्या हातात तलवार द्यायची, तिच्यावर दोन तरुण लट्टू करायचे आणि मुखपृष्ठावर सोनेरी काटे छापायचे. झाली कादंबरी!

"कोण गेलं गं?" मामंजींनी विचारलं.

"कोणी नाही, आजोबा. तो चोर आहे ना, तो रात को लांडगा होतो. आणि राजकन्येला त्याला सांगायचंय की... मतलब..." इथे रेवाचं मराठी संपलं.

"लांडगा? म्हणजे शाप असणार." मामंजी उठून बसले. "कोणाचा शाप? उःशाप काय? सूनबाई, तू कॉलेजात इंग्रजी शिकवतेस ना? वाच बघू मराठीत."

उन्हाळ्याची सुट्टी होती. रोज सकाळी मी मराठीत सांगू लागले. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या स्वतःच जागी होते, काटेरी कुंपण तोडून निघते. तिला उठवायला निघालेला राजपुत्र उशिरा पोहोचतो आणि मग जन्मभर तिच्या मागे फिरतो. पुढे तो लांडगा भेटतो. सगळं ठीक होतं, पण दर दहा पानांनी कोणीतरी कोणाचं तरी चुंबन घ्यायचं. आता सासऱ्यांपुढे ते कसं वाचणार? मी ठरवलं, चुंबन आलं की "त्याने तिच्यावर तीर्थ शिंपडलं" म्हणायचं. रेवा उशीत तोंड खुपसून हसायची. मला मात्र स्वतःच्या प्रसंगावधानाचं कौतुक वाटत होतं.

चार दिवसांनी शेजारीण विचारू लागली, "वहिनी, त्या लांडग्याचा शाप सुटतो का हो?" तेव्हा मला कळलं. मी सकाळी जे वाचायचे, ते मामंजी दुपारी देवळात सांगत होते!

"मामंजी, ही कादंबरी आहे," मी म्हणाले.

"असू दे. शाप आहे, वनवास आहे, तीर्थ तर पानोपानी आहे. आणखी काय लागतं पुराणाला?"

यावर मी काय बोलणार? तीर्थ माझंच होतं.

श्रोते वाढत गेले. पलीकडचं सरबत सोडून बायका आमच्या टेबलफॅनखाली दाटीवाटीने बसू लागल्या. त्यांच्यात राजपुत्राकडच्या आणि लांडग्याकडच्या अशा फळ्या पडल्या आणि घाटावर आंघोळीलासुद्धा वेगवेगळ्या पायऱ्यांवर उतरू लागल्या. गोदूकाकू जाग्या राहायला लागल्या. त्यांनी एकदा शंका काढली, "बुवा, त्या जंगलात एवढं तीर्थ येतं कुठून?" मामंजी न अडखळता म्हणाले, "गुप्तगंगा." आणि घरी येऊन दुसरी पोळी मागून घेतली.

समाप्तीच्या आदल्या सकाळी राजकन्या एका हाताने बुरुजाला लोंबकळत होती. बोटं निसटत होती. मी पान उलटलं.

"पुढे?" मामंजी म्हणाले.

"पुढे काही नाही. पुस्तक संपलं. दुसरा भाग पुढल्या वर्षी येणार."

मामंजींनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन शेवटचं पान चाचपून पाहिलं. "असं तर व्यासांनीही कोणाला लटकवून ठेवलं नाही," ते म्हणाले. मांडलेली कथा अर्धवट सोडणं आमच्यात अशुभ. शिवाय दुसऱ्या दिवशी पंच स्वतः यायचे होते. आसन राहणार की जाणार, ते त्यांच्यासमोर ठरणार होतं.

"शेवट मी लिहिते," मी म्हणाले. जन्मभर मुलींचे निबंध तपासलेत, एक राजकन्या मला भारी आहे होय? मी तिला बुरुजावरून उतरवलं आणि राजपुत्राशी तिचं लग्न लावलं. लांडग्याला पश्चात्ताप होऊन तो हिमालयात गेला. राजकन्येने तलवार खुंटीला अडकवली आणि सासूला पुरणपोळी करून वाढली.

रेवाने ऐकून कपाळावर हात मारला. "आई, ये क्या है? एवढं सगळं तिनं ह्या गधेके लिए केलं?"

मी म्हटलं, तुला संसारातलं काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं. मामंजींनी माझा शेवट रंगवून सांगितला. पुरणपोळी आली आणि सभा चिडीचूप झाली. मग गोदूकाकू म्हणाल्या, "तलवार खुंटीला का लावली?"

मामंजी माझ्या दिशेने पाहू लागले. मी टेबलफॅनकडे पाहू लागले. मागच्या बायका वाणाच्या पिशव्या आवरू लागल्या. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लाजेने माझी मान खाली गेली.

मामंजींनी हात वर केला. "बसा. हा झाला एका कल्पातला वृत्तांत. दुसऱ्या कल्पात निराळं आहे."

पुराणिकांचा हा हुकमी एक्का मी विसरलेच होते. दोन पुराणांत एकच कथा वेगवेगळी निघाली, की कल्पभेद म्हणायचं. सृष्टी पुन्हा होते, तशी कथाही पुन्हा होते. दुसऱ्या कल्पातली राजकन्या स्वतःच्या बळावर बुरूज चढून आली. दोघांना म्हणाली, "मी शंभर वर्षं झोपले, आता जरा जग बघू द्या," आणि नाव वल्हवत गंगेतून निघून गेली.

बायकांनी असा जयजयकार केला की टेबलफॅन ऐकू येईना. पंचांनी तिथेच सांगून टाकलं, पुढच्या अधिकातही आसन बुवांचंच.

"आणि तो पहिला कल्प कुठला हो, बुवा?" गोदूकाकूंनी विचारलं.

"तो आमच्या सूनबाईंचा," मामंजी म्हणाले, आणि अख्खं देऊळ हसलं.

वर्षाने दुसरा भाग आला. रेवाने दोन दिवसांत वाचून पुस्तक भिंतीवर फेकलं. राजकन्येने राजपुत्राशीच लग्न केलं होतं.

"आई, ही बाई अगदी तुझ्यासारखं लिहिते," ती म्हणाली.

परदेशी लेखिकेशी माझी तुलना झाली, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून आले. मुलगी चिडून बोलली होती, हे शेवटी गोदूकाकूंनी समजावून सांगितलं.