वस्तादांनी घडवलेला पडद्यावरचा पैलवान

ज्ञानदेव वस्तादांना मी प्रथम पाहिले ते आमच्याच घरी. माझे वडील त्यांच्या तालमीतले. कुस्ती कशी पाहावी हे मला वडिलांनीच शिकवले होते. वस्तादांनी माझी परीक्षा घेतली. "डाव कोण बी वळखतंय, पोरी. पैलवान दमलाय हे कशावरनं वळखतीस?" "धापा टाकतो त्यावरून," मी म्हणाले. "दमलेला पैलवान तोंड मिटून ठेवतोय. उघडलं की समोरच्याला कळतंय."

पुढे पेठ वडगावजवळ कुस्तीवरच्या एका चित्रपटाचे चित्रीकरण झाले. नायकाला पैलवान करण्याचे काम वस्तादांकडे आले आणि त्यांच्या सूचना दिग्दर्शकांना सांगण्याचे माझ्याकडे. वस्तादांनी त्या नटाला पहिले पंधरा दिवस एकही डाव शिकवला नाही. मातीत चालायला, उकिडवे बसायला, मिटल्या तोंडाने दम घ्यायला शिकवले. त्याचा गुडघा सुजला तेव्हा स्वतःच्या हाताने शेकला. जिममध्ये अंग कमावून आलेला तो माणूस तीन महिन्यांनी खरोखर पैलवानासारखा दमू लागला.

अखेरच्या कुस्तीच्या दिवशी वस्तादांना एका शिष्याच्या लग्नाला मलकापूरला जावे लागले. निघताना त्यांनी बजावले, "अंग चमकायला तेल लावतील. लावू दिऊ नको. पकड बसावी म्हणून आपण अंगाला माती लावतो. तेल लावून उतरणं म्हंजे चोरी हाय."

मी ते वहीत लिहून घेतले. दुपारी नटाच्या अंगाला तेल लागले. ऊन उतरत होते, दिग्दर्शक ओरडत होते. मी गप्प राहिले. संध्याकाळी वस्तादांचा फोन आला, "सांगितलंस न्हवं?"

मी "हो" म्हणाले.

शाहूपुरीतल्या थिएटरात सगळी तालीम चित्रपट पाहायला आली होती. शेवटची कुस्ती सुरू झाली आणि मागून आवाज आला, "वस्ताद, तुमचा गडी तेल लावून उतरला की! निसटायला शिकवलं व्हय?" सगळे हसले. मी शेजारीच बसले होते. वस्ताद एवढेच म्हणाले, "चुकलं माझं."

त्यानंतर दोन चित्रपटांची बोलावणी त्यांनी नाकारली. ते दोन्ही मी पाहिले. त्यांतले पैलवान छान दिसतात. दमत मात्र नाहीत.

मी खरे सांगितले ते वर्षभराने. ते म्हणाले, "फोनवरच कळलं हुतं."

"मग थिएटरात बोलला का नाहीत?"

"तुझं पयलंच काम. परत कुणी बोलावलं असतं तुला?"

हे या गौरव अंकात लिहू नकोस, असे त्यांनी मला सांगितले आहे. त्यांचे हेही मी ऐकत नाही. तालमीत अजूनही त्यांना त्या तेलावरून चिडवले जाते, आणि ते अजूनही हसण्यावारी नेतात.

वस्तादांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि यापुढे तेलाविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर त्यांनी ते मला विचारावे.