जऊळक्याचे क्राउटर

जऊळक्याच्या स्टेशनावरून नाल्याकडे उतरलं की डाव्या हाताला दीड एकर कोबी-वांग्याचा मळा लागतो. फाटकावर पत्र्याची पाटी आहे : ‘श्री. नानाजी तुळशीराम क्राउटर, बागाईतदार. मूळ गाव : जर्मनी.’ जर्मनी हे गाव नाही, हे नानाजींना ठाऊक आहे. पाटीवर जागा तेवढीच होती, असं त्यांचं म्हणणं.

नानाजी एकाहत्तर वर्षांचे आहेत. गेली चाळीस वर्षं ते जर्मन आहेत. त्याआधी माळी होते.

हे स्थित्यंतर वाशीमला झालं. बियाण्यांच्या कुठल्याशा मेळाव्यात मुंबईहून आलेल्या पाहुण्यानं नोंदवहीत त्यांचं नाव वाचलं आणि अदबीनं विचारलं, “आपण जर्मन का?” आयुष्यात कोणी नानाजींना ‘आपण’ म्हटल्याची ती पहिलीच वेळ. ते हो म्हणाले.

एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानंच आलं. पहिल्या वर्षी पणजोबा रेल्वेचे पूल बांधणारे जर्मन इंजिनिअर होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी घोडा घेतला. पाचव्या वर्षी त्यांनी नानाजींच्या पणजीशी, म्हणजे सोजरबाईशी, अकोल्याच्या चर्चमध्ये लग्न लावलं. अलीकडे जर्मनीत त्यांचा किल्लाही असल्याचं कळलं होतं. हा सगळा इतिहास स्टेशनाजवळ फुलचंदच्या हॉटेलात, दुपारची गाडी निघून गेल्यावर, चहाबरोबर मिळत असे. फुलचंद हा नानाजींचा वर्गमित्र आणि चाळीस वर्षांचा श्रोता. कोणी नवखा नानाजींच्या रंगाकडे पाहून हसलाच, तर नानाजी शांतपणे म्हणत, “चार पिढ्या वऱ्हाडच्या उन्हात काढून पाह्य, मंग हास.”

खरं काय होतं, ते फार साधं आहे.

रेल्वेचं काम चालू असताना क्राउटर नावाचा एक जर्मन साहेब खरोखरच इथं राहत होता. त्याच्या बंगल्याच्या बागेत चंपत बनकर नावाचा माळी पाणी धरायचा. त्या काळी इकडे माणसाला आडनाव विचारत नसत. ज्याच्याकडे राबतो, त्याचं नाव पुरे होई. पाटलाचा गणपत, मारवाड्याचा सदू, तसा सायबाचा चंपत. पुढे महायुद्ध लागलं. साहेब जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला उचलून नगरच्या छावणीत नेऊन ठेवलं. साहेब गेला, त्यानं आणलेला कोबी राहिला. काही वर्षांनी चंपतचा मुलगा किसन शाळेत गेला. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोनाचा रे तू?” पोरानंही रिवाजाप्रमाणेच सांगितलं, “क्राउटर सायबाचा.” मास्तर बाहेरगावचे होते. त्यांनी रजिस्टरात आडनाव लिहिलं क्राउटर आणि शेजारच्या रकान्यात जात लिहिली, माळी. दोन्ही नोंदी एकाच शाईत आहेत.

तर असं हे घराणं. किसनला चार मुलगे झाले आणि १९८० च्या सुमारास जिल्ह्यात क्राउटरांची अकरा घरं होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जर्मन वस्ती वाशीम तालुक्यानं पूर्वी पाहिली नव्हती. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. शिरपूर जैनला गेलेल्या घरांनी बसस्टँडवर फुलांची दुकानं टाकली. दर गिऱ्हाइकाला आडनाव दोनदा सांगावं लागतं म्हणून ते शिरपूरकर झाले. मानोऱ्याला धीरज नावाचा पुतण्या शाळेत गणित शिकवतो. पोरं त्याला मागून ‘हिटलर सर’ म्हणत. त्यानं रीतसर गॅझेटात जाहिरात देऊन पुन्हा बनकर करून घेतलं आणि मानोऱ्याच्या बाकी तीन घरांनी त्याचाच नमुना उतरवून काढला. उरली दोन घरं. एक जऊळक्यात नानाजींचं, दुसरं पुण्यात त्यांचा धाकटा पुतण्या मुकेश याचं. मुकेशच्या कंपनीचे मालक जर्मन आहेत, त्यामुळे तिथं आडनाव बदलण्याचं काहीच कारण नव्हतं. साहेबांनी एकदा विचारलं, तुमचे लोक जर्मनीतल्या कुठल्या भागातले? मुकेश म्हणाला, दक्षिणेकडचे. वऱ्हाडच्या मानानं ते खोटं म्हणता येणार नाही.

जगात हे आडनाव कुठं कुठं आहे, त्याचा नकाशा मुकेशनंच मोबाइलवर पाठवला होता. जर्मनीत लाल ठिपके दाट, अमेरिकेत विरळ, ब्राझीलकडे दोन-चार, आणि हिंदुस्थानच्या पोटात एक एकटा ठिपका. नानाजींनी त्या ठिपक्याचा मोठा फोटो काढून दिवाणखान्यात लावला. त्याच निरोपात मुकेशनं आडनावाचा अर्थही कळवला होता : भाजीपाला पिकवणारा किंवा विकणारा. म्हणजे ज्या साहेबाचं नाव माळ्याच्या पोरानं घेतलं, त्या साहेबाचाही कोणी पूर्वज माळीच निघाला. यावर नानाजींनी एवढंच म्हटलं, “पोट्ट्याले फसवलं तिकडच्या लोकायनं.” अर्थ भिंतीवर लावला नाही.

यंदा नानाजींची नात तनुजा हिला अकोल्याच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली. तनुजा हुशार आहे आणि घरात कमी बोलणारी ती एकटीच आहे. जागा राखीव गटातली. जात पडताळणीचं प्रमाणपत्र महिनाभरात हजर केलं तर राहणार, नाही तर जाणार. किसनच्या शाळेच्या नोंदीची नक्कल तिनं जोडली होती. तेवढ्यावर काम व्हायला हरकत नव्हती. पण समितीतल्या कोणाच्या तरी नजरेला आडनाव आणि जात एका ओळीत पडली आणि त्यानं समासात लिहिलं, ‘गृहचौकशी करावी’.

चौकशीला एक मॅडम आल्या. हातात फाइल, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी घरी न जाता आधी फुलचंदच्या हॉटेलात चहा घेतला आणि सहज विचारलं, “हे क्राउटर कोण हो?”

फुलचंदनं फडक्यानं बाक पुसून दिला. मित्राच्या नातीचं काम होतं, कसर ठेवून चालणार नव्हतं.

“मॅडम, लिवून घ्या. लय मोठं घरानं हाये. कागदावर जात मायी लिवली असन, पन रगत जर्मनचं. यायचा पनजा इंजिनिअर होता. चर्चमंदी लगन लागलं होतं त्याचं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“खुद्द नानाजीनं. चाळीस साल झाले आयकून राह्यलो. अन मुकेशच्या लग्नात तं मॅडम, हळदीच्या आंधी केक कापला होता. आमी सम्द्यायनं खाल्ला.”

मॅडमनी केकही लिहून घेतला. फुलचंदनं सही केली, वर चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि मॅडम पाणी प्यायला आत वळताच नानाजींना फोन लावला : “काम फत्ते झालं समज.”

मॅडमनी गावात आणखी पाच जणांना विचारलं. पाचांनी पाच जर्मन सांगितले. एकानं किल्ल्याच्या बुरुजांची संख्याही दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजींनी पंचांसमोर जबाब द्यायचा, असं सांगून त्या वाशीमला परतल्या.

फुलचंदनं काय काम फत्ते केलं, ते तनुजाला दिवेलागणीच्या आत कळलं. ती मळ्यात आली. नानाजी कोबीचे गड्डे काढत होते.

“आबाजी, माह्यी सीट गेली.”

“काहून जाईन? रजिस्टर हाये ना आपल्यापाशी.”

“रजिस्टरात एक मायी हाये. गावात सहा साक्षीदार जर्मन हायेत. अन जर्मनायले आरक्षण नाई.”

नानाजी उभे राहिले. “मंग उद्या सांगतो मी, सायेब मोठा होता, पन आमी...”

“आमी कोन?” तनुजानं विचारलं. नानाजींचं वाक्य कळशी घेऊन आलेल्या प्रयागबाईंनी पुरं केलं. प्रयागबाई म्हणजे नानाजींची बायको. चाळीस वर्षांत त्यांनी या इतिहासात कधी तोंड घातलं नव्हतं.

“त्यायले काय इचारतं, बाई? चाळीस साल झाले, हा मानूस चव्हाट्यावर बसून आपल्या पनजीचं नाव सायबाशी जोडून राह्यला. परक्यानं कोनं असं म्हटलं असतं तं यायनं कुऱ्हाड काढली असती. घरचाच बोलते, म्हनून लोकं चहा पेतात अन आयकतात.”

“अवं, लगन लागलं होतं म्हनलं ना मी. इज्जतीनं सांगतलं.”

“कोनाचं लगन? सोजरबाईचं लगन चंपतशी लागलं होतं. तुमच्या किल्ल्यात चंपतले खोली कुठं ठेवली तुमी?”

नानाजींच्या किल्ल्यात बुरूज होते, घोड्याला तबेला होता. चंपतची सोय केलेली नव्हती. ते पुन्हा खाली बसले आणि गड्डे काढायला लागले, पण बाजारासाठी ठेवायचे कोवळेही त्यांनी कापून टाकले, यावरून मनःस्थितीची कल्पना यावी.

सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मॅडम बसल्या. दोन पंच, फुलचंद, आणि गाडी नसल्यानं मोकळं असलेलं अर्धं गाव. तनुजा खांबाला टेकून उभी होती. नानाजी पांढरं धोतर नेसून आले होते, एरवी पँट घालत.

“तुमचं कुलदैवत?”

“तुळजापूरची भवानी.”

“लग्नात देवक?”

“पाच झाडाईची पानं. मारोतीच्या देवळातून वाजतगाजत आनतो.”

“आणि केक?”

“तो मुकेशच्या हापिसातल्या लोकायनं आनला होता,” नानाजी म्हणाले, “खायले मीच पुढं होतो.”

“गावातले सहा जण सांगतात, तुमचे पणजोबा जर्मन इंजिनिअर होते.”

नानाजींनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. “मॅडम, ते मी सांगतलं होतं.”

“खरं आहे?”

“नाई. माह्या पनजोबाचं नाव चंपत बनकर. सायबाच्या बागेत पानी धरे. नोकर होता. पनजी सोजरबाई, त्याची बायको. सायबाचं अन तिचं काईच नाई. सायबानं तिले पाह्यलं असन तं कोबी धुतांनी पाह्यलं असन.”

ओट्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फुलचंद उठून उभा राहिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “मॅडम, हे लिवू नोका. नातीसाठी बुढा खोटं बोलून राह्यला. असा त्याग पाह्यला नाई मी.”

मागून दोघांतिघांनी मान हलवली. चाळीस वर्षांच्या मेहनतीनं उभा केलेला किल्ला असा एका वाक्यानं पडत नसतो. नानाजी प्रथमच खरं बोलत होते आणि गाव त्यांना थोर मानायला निघालं होतं.

“बस खाली, फुलचंद!” नानाजी ओरडले. “माह्या पनजीची शपत घेऊन सांगतो. किल्ला खोटा. घोडा खोटा. चर्च मी अकोल्याच्या बसमधून पाह्यलं, अंदर गेलो नाई. कोन्या बयतळानं बुरूज किती म्हनून सांगतले?”

बुरूज सांगणारा मागच्या मागे निघून गेला.

“मले कोनी मान देत नोतं म्हनून बोललो मी,” नानाजी खालच्या आवाजात म्हणाले. “एका मानसानं ‘आपन’ म्हटलं, तं मले वाटलं, जर्मन झाल्याबिगर हे पुन्हा कोनी म्हननार नाई. लिवा मॅडम. चंपत, जात मायी, धंदा चाकरी.”

मॅडमनी लिहिलं. मग पहिल्यांदाच फाइलमधून डोकं वर करून विचारलं, “हे सगळं इतक्या लोकांसमोर सांगायची तुमची तयारी होती?”

“तयारी कायची? घरी बायको हाये.”

प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी आलं. तनुजा किसन-परंपरेतली पहिली पडताळणीप्राप्त क्राउटर झाली आणि अकोल्याला जाऊन गाईंच्या पोटात हात घालायला शिकू लागली. फुलचंद आजही नवख्या गिऱ्हाइकाला सांगतो की नानाजींनी नातीसाठी जर्मनी सोडली.

खरी गंमत पुढेच झाली. रक्ताच्या नात्यात एकाला प्रमाणपत्र मिळालं की बाकीच्यांचं काम सोपं होतं, ही बातमी मानोऱ्याला पोचली. धीरजचा मुलगा बारावीला होता. शिरपूरकरांच्याही दोन मुली रांगेत होत्या. ज्यांनी गॅझेटात जाहिरात देऊन क्राउटर टाकून दिलं होतं, त्यांना आता आपण मूळचे क्राउटरच असल्याचं शपथेवर सांगायचं होतं. महिनाभरात क्राउटरांच्या घरांची संख्या दोनावरून पुन्हा अकरावर गेली. जर्मनीत अशी वाढ कधी नोंदली गेली असेल असं वाटत नाही.

धीरज वंशावळीचा स्टॅम्पपेपर टाइप करून घेऊनच आला होता. वंशावळीवर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही लागते, म्हणून तो मळ्यातल्या बाजेवर नानाजींसमोर बसला. नानाजींनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं आणि बोट सगळ्यात वरच्या नावावर ठेवलं.

“हे काय लिवलं? ‘चंपत बनकर, रेल्वे अधिकाऱ्यांचे सहकारी’?”

“काका, पोराच्या कॉलेजात जाईन हा कागद. नोकर बरं नाही दिसत. जरा शब्द चांगला टाकला, इतकंच.”

नानाजींनी कागद परत केला. “मी खोट्या कागदावर सही करत नसतो, धीरज. आपल्या घरान्यात ते नाई चालत.”

धीरज गणिताचा माणूस, चाळीस वर्षांच्या थापांतून एक खरा जबाब वजा केला तरी किती उरतात हे त्याला कळत होतं. पण सही काकांची होती. तो वाशीमला जाऊन नवा स्टॅम्पपेपर घेऊन आला. ‘नोकर’ हा शब्द या वेळी टाइप न करता त्याला काकांसमोर हातानं लिहावा लागला. नानाजींनी अक्षर पाहिलं, अजून ठळक कर म्हणाले, आणि त्याची शाई वाळेपर्यंत त्याला कोबीच्या वाफ्यात पाणी धरायला पाठवलं.