न वळणारी जीप

लातूरच्या एका गॅरेजात स्कूटरचं पंक्चर काढून घेताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. त्यांचे मेडिकल प्रवेशाचे क्लासेस होते. ते जीपला एअर लॉकर आणि त्याला हवा पुरवायला बॉनेटखाली कम्प्रेसर बसवून घेत होते. बटण दाबून लॉकर लावला की डावं-उजवं चाक एकत्र जखडतं आणि गाडी चिखलातून निघते. सरांना चिखलात नव्हे, निकालाच्या मिरवणुकीत जायचं होतं.

"सर, डांबरावर बटण बंद ठेवा बरं. गाडी वळायची न्हाई," मिस्त्री म्हणाला.

"मग बसवलंय कशाला?" सरांनी बटण रुमालाने पुसलं, चष्मा पुसावा तसं.

मिरवणुकीच्या दिवशीच नवे प्रवेश सुरू होते, म्हणून जीपमागे गावोगावचे पालक चालत होते. चौकातून डावीकडे सरांचे क्लासेस. सरांनी स्टिअरिंगवर छातीचा भार टाकला, टायर किंचाळले, पण हात काही बटण बंद करायला गेला नाही. जीप सरळ जाऊन समोरच्या प्रतिस्पर्धी क्लासेसच्या फाटकात थांबली. तिथला शिपाई प्रवेशअर्ज घेऊनच बसला होता. पालक रांग लावू लागले.

सर बॉनेटवर चढले आणि ओरडले, "बघितलंत? आपलं लेकरू एकदा निघालं की इकडंतिकडं वळत न्हाई!"

"हाव, शिस्त लई कडक हाय," निलंग्याचे एक काका म्हणाले. रांग मोडली.

सर सगळ्यांच्या पुढे पायी निघाले. चौकात ते वळले आणि त्यांच्यामागे सगळे पालकही वळले.