काशिनाथच्या ताटात तरोटा

सरस्वती रिक्षा थांबवून मधेच उतरली! परमुलखातल्या नवागामातलं घर अजून लांब होतं, पण कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत तिला तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, दिसला होता. तरोटा! यवतमाळ सोडल्यापासून तिने तो खुडला नव्हता. बाई थेट चिखलात घुसली, पदराची झोळी केली आणि दोन्ही हातांनी पाला खुडायला लागली.

"अगं, लोक बघतायत! बकरीसुद्धा तोंड लावत नाही त्याला," शेजारची सरलाबाई रिक्षातून ओरडली.

"बकरीले काय समजते!"

ही घाई उगाच नव्हती हो. तिचा नवरा काशिनाथ जवळच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. तापातून उठला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. एरवी खोड काढल्याशिवाय घास न गिळणारा माणूस. डाळ पातळ, भाकर करपली, मिरची कमी. नुसता वैताग! आता मात्र काहीही वाढा, मान खाली घालून मुकाट गिळायचा. घरात कुणी परकाच जेवतोय असं वाटून तिचा जीव घाबरा व्हायचा.

तरोट्यावर तिचा भारी विश्वास. मिलमधल्या घामाने त्याच्या कमरेला नायटा उठला, तेव्हा गावाहून आलेलं तरोट्याचं बी तिने आंबट ताकात वाटून लावलं होतं. तिची आई तर ते बी भाजून, कुटून चहासारखं उकळायची. आणि भाजी? अहाहा!

घरी येताच तिने पाला उकडून पिळला, भिजवलेली डाळ घातली, लसणाची चरचरीत फोडणी दिली. वास गल्लीभर सुटला. सरलाबाई वाटी घेऊन दारात हजर. बघा, आता बरं तोंड लावायचंय!

काशिनाथने घास घेतला. सरस्वतीने श्वास रोखून धरला. तो चावत राहिला, थांबला आणि त्याने ताट खाडकन पुढे सरकवलं.

"हे काय केलं वं? फुलावर आलेला तरोटा खुडला का? कडू जहर लागते!"

"कडू लागते?"

"मंग काय गोड? एवढी म्हातारी झाली, कवळा पाला ओळखता येत नाही तुले!"

"नाही येत जी, खरंच नाही येत," म्हणत ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचेना. ताट तिने पुन्हा त्याच्यापुढे ओढलं.

"आन मीठ? मीठ कसं हाय, सांगा ना जी!"