भाऊजींच्या तीन काठ्या

त्या काळी बंगळुरात जेवढे तलाव होते, त्या सगळ्यांच्या तळाशी काय आहे हे काठावर बसून सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि आमच्या नशिबाने तो आमच्याच घरात राहत होता. ते माझे थोरले दीर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मी मनातल्या मनात भाऊजी म्हणत असे. मनातल्या मनात, कारण त्यांच्यासमोर बोलायची आमच्यात रीतच नव्हती. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, ताट वाढून बाजूला व्हायचं, आणि काही सांगायचं झालंच तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगत. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे मला ही रीत जड गेली नाही. जड गेल्या त्या भाऊजींच्या गळाच्या काठ्या.

माणूस गळ घेऊन तलावावर जातो तेव्हा त्याला मासा हवा असतो, अशी माझी माहेरची समजूत. भाऊजींना मासा मिळाला तर चाले, न मिळाला तरी चाले. त्यांना बातमी हवी असायची. पाण्यावर आमिष तरंगत ठेवणाऱ्यांना ते माणसांत धरत नसत. "वर वर काय कळायचंय? तळाला जायला पाहिजे," म्हणत. त्यांचा गळ शिशाचा गोळा बांधून थेट तळाला जायचा आणि तिथून ते तो हळूहळू ओढत आणायचे. चिखल लागला, दगड लागला, शेवाळ लागलं की त्याची थरथर दोऱ्यातून काठीत, काठीतून मुठीत आणि मुठीतून त्यांच्या बोटांत यायची. ही बातमी सगळ्यात चोख कोणती काठी आणते, एवढं ठरवण्यात त्यांनी आमच्या घराची बारा वर्षं घालवली.

त्यांची बोटं तशी चिकपेटेच्या बाजारात प्रसिद्ध होती. तिथल्या एका रेशमाच्या पेढीवर ते पारखी होते. लड हातात घ्यायची, डोळे मिटायचे, आणि सूत किती बारीक, पीळ कसा, मधेच जाडा धागा घुसडलाय का, हे सांगून मोकळं व्हायचं. त्यांनी मान हलवल्याशिवाय पेढीवर माल उतरत नसे. घरीही तोच खाक्या. बाजारातून आणलेल्या तांदळात हात घालून जुना की नवा ते सांगायचे, आणि मी धुतलेल्या धोतराला बोट लावून सासूबाईंना म्हणायचे, "आई, आत सांग, साबण नीट निघाला नाही." आत म्हणजे मी. मी तीन हातांवर उभी असले तरी 'आत'च.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, आणि नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ मांडवाचा एक बांबू वाकवून, कानाला लावून, टिचक्या मारून बघतोय. बांबू निसटला आणि मांडवाची एक बाजू माझ्या आत्याच्या डोक्यावर आली. भाऊजी तिला म्हणाले, "बांबू फार चांगला आहे." बस, एवढंच.

काठ्या तीन. नावं सासूबाईंनी ठेवलेली. पहिली 'साहेब'. इंग्रज जाऊ लागले तेव्हा दंडूत, म्हणजे कंटोन्मेंटात, एका बंगल्याच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून आणलेली. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून एक केलेली, मधाच्या रंगाची, बुचाच्या मुठीची. तिला जवसाचं तेल लागायचं आणि पावसाळ्यात दमट हवा चालायची नाही, म्हणून पावसाळाभर ती भाऊजींच्या खाटेवर झोपायची आणि भाऊजी खाली चटईवर. दुसरी 'अमेरिकन', काचेच्या धाग्यांची. ती दंडूतल्या एका दुकानात आली तेव्हा भाऊजींनी आपली सायकल देऊन ती घेतली आणि तेव्हापासून पेढीवर पायी जाऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "अय्यो, आता त्या काठीवर बसून जा!" तिसरी 'बुरूड'. बुरुडाच्या मागे लागून, त्याच्याकडचे शंभर बांबू नाकारून, एकशेएकाव्यातून करून घेतलेली. तिन्हींना लागणारा दोरा भाऊजी स्वतः रेशमाचा वळत. माझ्या लग्नातल्या शालूचं रेशीमही तसलं नव्हतं.

रविवारी देवनहळ्ळीच्या वाटेवरच्या एका केऱ्यावर जायचे, केरे म्हणजे तिकडचा तलाव. आमिषाला रागीचा, म्हणजे नाचणीचा, गोळा. तो मी करायचा. पीठ उकडायचं, मळायचं, पुन्हा उकडायचं, थोडी बडीशेप घालायची. आमच्या ताटात मुद्दा, म्हणजे उकडलेल्या रागीचाच गोळा, पडायचा त्याची चौकशी कोणी करत नसे. माशांच्या मुद्द्याला मात्र भाऊजी बोटाने दाबून बघायचे. "आई, आत सांग, स्वल्प सैल झालाय." सासूबाई म्हणायच्या, "माशाने तक्रार केली काय रे?"

पण खरा छळ आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांचा. तलावावर रोज जाता येत नाही, आणि काठ्यांची तुलना तर रोज व्हायला हवी. म्हणून भाऊजींनी युक्ती काढली. संध्याकाळी पेढीवरून आले की काठी घेऊन परसातल्या कट्ट्यावर बसायचे, दोरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सोडायचे. आत मी. दोऱ्याला शिशाचा गोळा बांधलेला. पाटावर मी कधी रागी पसरायची, कधी तांदूळ, कधी हुलगे, आणि गोळा त्यावरून हळूच ओढायची. बाहेर भाऊजी डोळे मिटून ओरडायचे, "तांदूळ!" बरोबर असेल तर मी दोरा एकदा ओढायचा, चुकलं तर दोनदा. बोलायची रीत नव्हती ना, म्हणून ही सोय. चुलीवर डाळ उतू जातेय, यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ताट हवंय, आणि मी पाटापाशी बसून शिसं ओढतेय. "ही आमच्या घरची बायको आहे की टपालखातं?" असं हे विचारायचे, आणि बाहेरून उत्तर यायचं, "गप्प बस रे, साहेब बोलतोय."

निकालही रोज वेगळा. "साहेब सगळं सांगतो, पण जुन्या माणसासारखा दम खाऊन सांगतो." "अमेरिकन लगेच सांगतो, पण दगड काय नि चिखल काय, एकाच आवाजात." "बुरूड चुगलखोर आहे, नसलेलंही सांगतो." मी आतून ऐकायची आणि चरफडायची. कारण मला उत्तर केव्हाच कळलं होतं. दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. बुरूड लावलेला असला की बाहेर भाऊजींनी नुसता खोकला काढला तरी मला तो इथे कळायचा. पण मला विचारतंय कोण?

बारा वर्षं हे चाललं. बाराव्या वर्षी काठ्या बिघडल्या.

आधी अमेरिकन. रागीला तांदूळ म्हणू लागला. मी दोनदा दोरा ओढला. "बहिरा झालाय," भाऊजी म्हणाले, आणि त्याला फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. मग साहेब चुकू लागला. तेलाला दोष दिला, हवेला दिला, दोरा नवा वळला. मग बुरूडही. मग दोष माझ्याकडे आला. "आई, आत सांग, हात हलका पडतोय." मी संतापून गोळा असा ओढला की तांदूळ खिडकीतून बाहेर गेले. तरी भाऊजी म्हणाले, "रागी?"

त्याच आठवड्यात एकदा कॉफी फार उकळली. पितळी पेला मी पदराने धरून त्यांच्यापुढे ठेवला. भाऊजींनी तो बोटांनी उचलला, सरळ, भरलेला, आणि पेपर वाचत हातात धरून बसले. बोटं लाल झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी दाराआडून बघत होते. काठ्या धडधाकट होत्या.

ही गोष्ट सांगायची कुणाला? यांना सांगावं तर हे भरदिवसा रस्त्यावर बोलणारे. सासूबाई रडून गल्ली गोळा करतील. आणि भाऊजींना कळलं तर त्यांच्याकडे उरलं काय? लग्न नाही, मूल नाही, सायकलसुद्धा नाही. दहा बोटं होती. त्या संध्याकाळी मी पाटावर हुलगे पसरले. बाहेरून आवाज आला, "तांदूळ?" विचारल्यासारखा. मी दोरा एकदा ओढला.

त्या दिवशी भाऊजी दोन पोळ्या जास्त जेवले.

मग मी रोजच एकदा ओढू लागले. तिन्ही काठ्या शहाण्या झाल्या. भाऊजी शीळ घालत पेढीवर जाऊ लागले. मीच मूर्ख. काठीसाठी खोटं बोलतेय असं मला वाटत होतं, पण ती बोटं रोज सकाळी पेढीवर जाऊन रेशीम पारखत होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. संक्रांतीच्या सुमाराला एका विणकराने पेढीवर माल परत आणून टाकला. लडीत सरळसरळ जाडा धागा होता, आणि भाऊजींनी त्याला मान हलवली होती. हे घरी आम्हाला यांच्याकडून कळलं. भाऊजी आले. हातपाय धुतले, साहेबाला बाहेर काढलं, कट्ट्यावर बसले, आणि दोरा खिडकीतून आत आला.

मी रागी पसरली. गोळा ओढला. मग भाऊजी म्हणाले, "साबुदाणा."

साबुदाणा आम्ही त्या पाटावर कधी घेतलाच नव्हता. त्या दिवशी तो घरातही नव्हता. पण माझा हात सवयीने एकदा ओढून मोकळा झाला.

दोरा सैल पडला. पावलं वाजली आणि भाऊजी खिडकीपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी पाटावरच्या रागीकडे बघितलं. मी पदर पुढे ओढला. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या, पण भाऊजींनी 'आई, आत सांग' म्हटलं नाही.

"पोरी, किती दिवस चाललंय हे?"

बारा वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला वाटलं जमीन दुभंगावी. सासूबाई हातातली भाजी तशीच धरून माझ्याकडे बघत होत्या.

"दिवाळीपासून," मी म्हणाले.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग आपल्या बोटांकडे. "आवाज बरा आहे की तुझा," म्हणाले. "सरी, बरं तर. म्हणजे काठ्यांची काही चूक नव्हती." आणि आत जाऊन त्यांनी अमेरिकनला कोपऱ्यातून काढून, फडकं सोडून, इतर दोघांशेजारी खुंटीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन बोटांचं त्यांनी स्वतःच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नसा गेल्यात, आता असंच राहायचं. पेढीवर त्यांना पत्रव्यवहाराच्या गादीवर बसवलं. तिथे ते वळणदार अक्षरात पत्रं लिहीत आणि घरी येऊन शाईला नावं ठेवत.

त्या रविवारी केऱ्यावर मलाही नेलं. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. भाऊजींनी बुरूड माझ्या हातात दिला आणि स्वतः शेजारी दगडावर बसले, हात मांडीवर उपडे ठेवून. "काय म्हणतोय?"

"चिखल."

"आता?"

"दगड. दोन आहेत." मी गळ आणखी ओढला. "आता काहीतरी जिवंत आहे."

"मग ओढ की! मला काय सांगतेस!"

मासा सुटला. भाऊजी म्हणाले, साहेब असता तर सुटला नसता. मी म्हणाले, साहेब असता तर तो आहे हे मासा गेल्यावर कळलं असतं. आणि तिथे आमचं जे भांडण सुरू झालं ते पुढची आठ वर्षं, त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत, चाललं. मी बुरुडाची, ते साहेबाचे. जेवताना, कपडे वाळत घालताना, सासूबाईंच्या आरतीत. जन्मात मी नवऱ्याशीदेखील एवढं बोलले नाही. "हिला बोलायला कोणी शिकवलं?" सासूबाई विचारायच्या. शेवटी दवाखान्यात भाऊजींनी मला जवळ बोलावलं तेव्हा वाटलं काही घरचं सांगतील. म्हणाले, "बुरूड हलका आहे म्हणून तुला आवडतो. जड काठी हातात धरून बघ एकदा." मी त्यांना गप्प पडा म्हणाले. थोरल्या दिराला.

बुरूड पुढे वाळवीने खाल्ला. अमेरिकन यांनी कपडे वाळत घालायला लावला. साहेबाला मी अजून जवसाचं तेल लावते. मागच्या महिन्यात तेल लावताना काय वाटलं कोण जाणे, कट्ट्यावर बसले, दोरा खिडकीतून आत सोडला आणि यांना पाटापाशी बसवलं. "वय काय तुझं?" हे म्हणाले, पण बसले. मी डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच नाही. मी मनात म्हटलं, बघा, दगड आहे तुमचा साहेब. आणि मग, जरा दमाने, ते आलं. आधी दाणे, मग दाण्यांच्या खालचा पाट, पाटाची भेग, आणि त्याच्याही मागे यांचा हात, म्हातारा, किंचित कापणारा. बुरुडाने मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

"काय आहे? बोल की!" हे आतून ओरडले. "पाय अवघडले माझे!"

मी माझ्या बाजूने दोरा एकदा ओढला. बरोबर.

"हे काय? ओढायचं मी ना?"

"तुम्हाला नव्हतं," मी म्हणाले.