केशरी पायांची माशी आणि गांगुर्डेबाई

वनस्पतिशास्त्र विभागात मी नुकताच रुजू झालो होतो. एका दुपारी जिन्यात एका बाईंनी मला अडवलं, नाकासमोर काचेची नळी धरली आणि विचारलं, "तुम्ही झाडपाल्याचे ना? मग सांगा, ही ज्या काडीवर बसली होती ते गवत कुठलं?" नळीत गवताच्या काडीवर एक लांबोडकी, मिशाळ माशी होती. नाव नाही, गाव नाही! प्राणिशास्त्राच्या डॉ. कमल गांगुर्डे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. मी "कुसळी" म्हणालो, आणि पुढच्या रविवारी मी सिन्नरला येणार हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

दरोडेखोर माशी हा बाईंचा जन्माचा विषय. ही माशी काडीवर टपून बसते, उडता किडा हवेतच धरते आणि सोंड खुपसून त्याला शोषून घेते. सिन्नरच्या खडकाळ माळावर आम्हाला जाळी घेऊन ओणवे फिरताना पाहून शेळ्या राखणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "माशीसाठी एवढ्या लांब? आमच्या गोठ्यात लय हायेत, न्या की टोपलीभर!" बाई खळखळून हसल्या, आजींजवळ बसल्या आणि भाकरी खाता खाता त्यांना माशीची शिकार दाखवली.

त्याच माळावर बाईंना केशरी पायांच्या दोन माद्या मिळाल्या. अशी माशी कुठल्याच ग्रंथात नव्हती. नवी जात म्हणून बाईंनी शोधनिबंध लिहिला, तो एका शास्त्रीय नियतकालिकाने छापायला स्वीकारला, प्राचार्यांनी फलकावर अभिनंदनही लिहिलं. पुढच्या खेपेस बाईंनी तशीच एक माशी जिवंत आणून जाळीच्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, पाय काळेभोर! कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीचा रंग पक्का व्हायला वेळ लागतो, हे बाई मुलांना दरवर्षी शिकवत असत. आणि त्याच फसल्या.

बाईंचा चेहरा उतरला, खोटं कशाला सांगू. पण त्याच दुपारी त्यांनी निबंध थांबवण्याची तार केली आणि प्राचार्यांना फलक पुसायला सांगितलं.

"अहो बाई, कोणाला कळणार आहे?" प्राचार्य म्हणाले.

"उद्या कोणी बिचारा केशरी पायांची माशी शोधत त्या माळावर उन्हातान्हात वणवण करील, सर. त्याला काय सांगू?"

फलक पुसला गेला. स्टाफरूममध्ये मग "बाई, आज माशीचा रंग कोणता?" अशी थट्टा चाले, आणि बाई तिचंही खरं उत्तर देत.

मग ही काळ्या पायांची माशी तरी नवी की जुनीच? नराच्या शेपटाकडची पकड पाहिल्याशिवाय ते ठरत नाही, आणि नर काही सापडेना. पुढच्या पावसाळ्यांत आम्ही तो माळ पालथा घातला. अखेर एक नर मिळाला. बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. "तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही." पकडीच्या टोकाला दुहेरी आकडा होता, आजवर कुठल्याच माशीत न दिसलेला. जात खरोखरच नवी होती! निबंधात बाईंनी आपली आधीची चूकही लिहिली, आणि नाव सिन्नरवरून ठेवलं. आपलं नाव लागेल अशा आशेवर असलेले प्राचार्य काही दिवस फुरंगटून होते.

गेल्या वर्षी बाईंचं मोठं आजारपण झालं. भेटायला गेलो तर खाटेवरून पहिला प्रश्न, "अळी मिळाली का हो?" या माशीची अळी मातीत नेमकी कुठे वाढते, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. "ती पाहिल्याशिवाय मी काही जायची नाही," असं त्यांनी मला बजावलं. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत. आज त्यांची साठी; यापुढेही त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि ती अळी माझ्या हाती लागलीच, तर कोणाला न सांगता मी ती पुन्हा मातीत सोडून देईन.